पहिला फ्लाय रॉड घेताना पैसे लाइनमध्ये घाला

प्रश्न थोडक्यात असा: "मी मूळचा मालवणजवळचा. लहानपणी वडिलांबरोबर खाडीवर गरवायला जायचो. काठी, तंगूस, गरी आणि शिसं, एवढंच सामान. दीड वर्षापूर्वी नोकरीनिमित्त डेन्व्हरला आलो. इथे नदीत उभं राहून फ्लाय फिशिंग करणारी माणसं बघितली आणि शिकायचं मनात घेतलं. दुकानात रॉड-रीलचे कॉम्बो साठ डॉलरपासून पाच-सहाशेपर्यंत आहेत. माझी तयारी सगळं मिळून २०० डॉलरची आहे. काय घेऊ? नऊ वर्षांचा मुलगाही मागे लागलाय."

आधी सरळ उत्तर देते, म्हणजे घाई असेल तर पुढचं नंतर वाचता येईल. ९ फूट लांबीचा, ५ वेटचा, चार तुकड्यांचा, मीडियम-फास्ट ॲक्शनचा रॉड. साधी ॲल्युमिनियमची रील. आणि तिच्यावर नाव-नंबर असलेली, डब्ल्यूएफ-५-एफ जातीची तरंगणारी लाइन. (वेट, ॲक्शन, डब्ल्यूएफ यांचे अर्थ पुढे येतील.) हे सगळं मिळून १३० ते १५० डॉलरच्या आत बसवा आणि उरलेले पन्नास-साठ हातात ठेवा. ते कशाला लागतात ते पुढे सांगते. मी डेन्व्हरजवळच्या गोल्डनला राहते, सोळा वर्षं हा नाद आहे आणि त्यातली शेवटची सात-आठ वर्षं शनिवारी नवख्यांना कास्टिंग, म्हणजे लाइन फेकायला, शिकवते. त्या अनुभवातून एक गोष्ट ठामपणे सांगेन: कॉम्बो बघताना लोक रील बघतात, मग रॉड बघतात आणि लाइनकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. क्रम नेमका उलटा हवा.

तुम्ही गरवलेलं आहे, म्हणून समजावणं सोपं आहे. खाडीत तुम्ही काय फेकता? शिसं. शिशाला वजन असतं, ते पुढे जातं आणि मागून तंगूस ओढत नेतं. हे गोफणीसारखं झालं. वजन टोकाला आहे. फ्लाय म्हणजे गरीवर बांधलेली पिसं आणि दोरा. तिला वजनच नाही. ती कितीही जोरात फेकली तरी दोन हातांवर पडेल. म्हणून इथे वजन लाइनमध्ये असतं. जाड, प्लॅस्टिकचा लेप दिलेली लाइन हवेत मागे-पुढे उलगडते आणि टोकाची फ्लाय तिच्याबरोबर जाते. हा आसुडाचा प्रकार आहे. पोतराज आसूड ओढतो तेव्हा टोकाच्या गोंड्याला वजन नसतं, सगळा जोर वळणातून पुढे सरकत जातो, तसंच. आता आसुडाचा दोर मधेच कडक, मधेच वेटोळे पडलेला असेल तर? मूठ चांदीची असली तरी तो फुटणार नाही.

‘५ वेट’ म्हणजे रॉडचं वजन नव्हे. हा आकडा लाइनचा आहे. अमेरिकेतल्या मासेमारी साहित्य बनवणाऱ्यांच्या संघटनेनं ठरवलेल्या मापाप्रमाणे लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन ग्रेनमध्ये मोजतात: ४ वेटला १२० ग्रेन, ५ वेटला १४०, ६ वेटला १६०, ८ वेटला २१०. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, म्हणजे तुमच्या ५ वेटच्या लाइनचे पहिले तीस फूट पाऊण तोळ्याहून किंचित जास्त भरतात. एवढ्याशा वजनानं नऊ फुटांचा रॉड वाकवायचा आणि त्या वाकण्यातून लाइन पुढे धाडायची. रॉडवर कॉर्कच्या मुठीच्या वर ५ लिहिलेलं असेल तर लाइनही ५ चीच हवी. डब्ल्यूएफ म्हणजे पुढचा भाग जाड असलेली आणि शेवटचा एफ म्हणजे तरंगणारी. शेवटी एस असेल तर ती बुडणारी लाइन. नवख्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

पाचच का? कोलोरॅडोत तुम्हाला ट्राउट पकडायचे आहेत. गोल्डनमधून वाहणाऱ्या क्लिअर क्रीकमध्ये बहुतेक ब्राउन ट्राउट मिळतात, आठ ते बारा इंचांचे. त्यांच्यासाठी ३ किंवा ४ वेट पुरेल. पण डेकर्सला साउथ प्लॅट नदीवर अठरा इंचांचा रेनबो ट्राउटही लागू शकतो, आणि दुपारी इथे वारा सुटतो तो तुम्ही अनुभवला असेलच. वाऱ्यात हलकी लाइन नवख्याच्या तोंडावर परत येते. ६ वेट वाऱ्याला बरा, पण छोट्या ओढ्यात धप्पकन पडतो आणि मासे बिचकतात. ५ मध्ये सगळं थोडं थोडं जमतं. पुढेमागे दुसरा रॉड घ्यालच, पण तो घेतल्यावरही हा कपाटात पडून राहत नाही.

आता माझी गोष्ट, कारण लाइनबद्दल मी इतकी का बोलते ते त्यातून कळेल. पहिला कॉम्बो मी एका मोठ्या दुकानातून घेतला. खोक्यावर ‘सगळं काही आत’ असं लिहिलेलं होतं, किंमत साठच्या आसपास. रॉड, रील, लाइन, सहा फ्लाय, डबीसुद्धा. अख्खा उन्हाळा मी त्यानं झगडले. लाइन रीलवरून निघायची ती स्प्रिंगसारखी, वेटोळी तशीच्या तशी. पाण्यावर पडली की वेटोळी तरंगायची आणि मासा फ्लाय ओढून सोडून दिला तरी मला कळायचं नाही. दहा-पंधरा फुटांच्या पुढे फ्लाय गेली नाही. मला वाटलं मनगटात ताकद नाही, वेळ साधत नाही, हे आपलं काम नव्हे.

सप्टेंबरात एका दुकानानं भरवलेल्या फुकट वर्गाला गेले. दुकानामागच्या गवतावर सगळे कास्ट करत होते. शिकवणाऱ्या गृहस्थांनी माझे तीन-चार कास्ट पाहिले आणि काही न बोलता माझी रील काढून स्वतःची लावली. रॉड माझाच, तोच साठ डॉलरच्या खोक्यातला. त्यांची लाइन मऊ होती, फिकट पिवळी, बोटांतून सरकताना मेण लावल्यासारखी. मी रॉड मागे नेला, थांबले, पुढे आणला. मुठीत काहीतरी भरल्यासारखं जाणवलं, पहिल्यांदाच. लाइन गवतावर सरळ पडली, पस्तीस फूट तरी असेल. त्या दिवशी घरी जाताना पन्नास डॉलरची लाइन घेतली आणि तो स्वस्त रॉड पुढे तीन वर्षं वापरला. रील बदलली ती त्याच्याही नंतर.

म्हणून दुकानात गेलात की पहिला प्रश्न हा विचारा: या कॉम्बोवर लाइन कुणाची आहे? खोक्यावर सायंटिफिक अँगलर्स, रिओ, कोर्टलँड असं एखादं नाव आणि पूर्ण नंबर असेल तर निम्मं काम झालं. नुसतं ‘फ्लाय लाइन’ लिहिलेलं असेल तर संशय धरा. शक्य असेल तर दुकानदाराला विचारून पाच-सहा फूट लाइन रीलवरून काढा, दोन हातांत धरून हलकेच ताणा आणि सोडा. वेटोळी उलगडून गेली तर ठीक. पुन्हा गुंडाळी झाली तर तो कॉम्बो ठेवून द्या, किंवा त्याच्या किमतीत नव्या लाइनचे चाळीस-पन्नास डॉलर आताच धरा आणि मग हिशेब जमतोय का ते बघा. साठचा कॉम्बो अधिक पन्नासची लाइन म्हणजे ११०. कधीकधी हा सौदा खरंच चांगला पडतो, विशेषतः रॉड बरा असेल तर.

रॉड बरा कसा ओळखायचा? दुकानातच जोडून बघा. प्रत्येक सांधा थोडा तिरका धरून आत सारायचा आणि सारता सारता फिरवून सरळ करायचा. सांधा शेवटी घट्ट बसायला हवा. खडखड वाजणारा सांधा नदीवर तासाभरात सैल होतो आणि कास्टबरोबर टोक उडून पाण्यात जातं. मग एक डोळा मिटून बुंध्याकडून टोकाकडे बघा, लाइन जाण्याच्या कड्या एका रेषेत आहेत ना. टोकाच्या कडीतून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तर तिथे धातूला धार आहे, ती तुमची लाइन कापत राहील. बुंधा धरून रॉड एकदा झटका आणि थांबवा. टोक दोन-तीनदा हलून शांत झालं पाहिजे. बराच वेळ लटलटत राहिलं तर तो रॉड तुमच्या हाताला चुकीचं शिकवेल.

ॲक्शन म्हणजे रॉड कुठे वाकतो ते. फास्ट रॉड फक्त टोकाकडे वाकतो, स्लो मुठीपर्यंत. महागडे फास्ट रॉड अनुभवी हाताला लांबचा पल्ला देतात, पण नवख्याला त्यात लाइनचं वजन जाणवतच नाही, आणि जाणवलं नाही तर कधी थांबायचं ते कळत नाही. मीडियम-फास्ट रॉड सांगतो. म्हणून कुणी मित्र आठशे डॉलरचा जुना फास्ट रॉड फुकट देतो म्हणाला तरी पहिल्या वर्षी तो घेऊ नका. हे मी शिकवताना पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

रीलवर पैसे सगळ्यात कमी. इथले लहान ट्राउट आपण रीलनं ओढत नाही, डाव्या हातानं लाइन ओढत ओढत जवळ आणतो. रील म्हणजे बहुतांशी लाइन गुंडाळून ठेवायचं चाक. ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक. डिस्क ड्रॅग, हवाबंद ड्रॅग वगैरे जाहिराती समुद्रातल्या माशांसाठी आहेत. तुम्हाला साधी क्लिक-पॉलची, म्हणजे टिकटिक करत अडणारी, रीलसुद्धा चालते. फक्त प्लॅस्टिकची नको, दगडावर पडली की फुटते. लाइनच्या खाली बॅकिंग म्हणून पातळ डॅक्रॉनचा दोरा असतो, तो ५० ते १०० यार्ड भरलेला आहे ना ते बघा. त्यामुळे लाइन मोठ्या वेटोळ्यात बसते आणि गुंडाळी कमी धरते. आणखी एक: उजव्या हातानं कास्ट करणार असाल तर रील डाव्या हातानं फिरेल अशी लावलेली हवी. बहुतेक कॉम्बो तसेच येतात, तरी विचारून घ्या. लाइन भरून झाल्यावर बदलायचं म्हणजे सगळी उपसावी लागते.

ब्रँडचं विचाराल तर रेडिंग्टन, एको, टेंपल फोर्क आणि ऑर्विस या चौघांचे नवशिक्यांचे कॉम्बो मी हाताळले आहेत आणि चारही विश्वासाचे आहेत. ऑर्विसचा एन्काउंटर तुमच्या बजेटच्या काठावर येतो. त्यांचाच क्लिअरवॉटर सरस आहे आणि त्याच्या रॉडला २५ वर्षांची हमी आहे, पण तो तुमच्या आकड्याच्या पलीकडे जातो. कर्ज काढून घेण्यासारखा फरक नाही. मॉडेलची नावं दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, जुनं मॉडेल तेव्हा सवलतीत निघतं. ते बिनधास्त घ्या, माशाला वर्ष कळत नाही. हमी मात्र नीट वाचा. फ्लाय रॉड मासा ओढताना क्वचित मोडतो. तो मोडतो गाडीच्या दारात, घरातल्या पंख्यात आणि कुणी पाय दिला म्हणून. तुमच्या चुकीनं मोडला तरी टोक बदलून मिळतं का आणि त्याला किती पडतात, हे विकत घेण्यापूर्वी विचारा. ऑर्विसच्या दुकानांत नवशिक्यांचे फुकट वर्गही असतात. तिथून काही घ्यायची सक्ती नसते. आधी तिकडे जा, दोन-तीन रॉड हातात धरा, मग निर्णय घ्या.

चार तुकड्यांचा आग्रह धरते, कारण तुम्ही गावी जाणार. दोन तुकड्यांचा रॉड साडेचार फुटांच्या नळीत येतो. चार तुकड्यांची नळी अडीच फुटांच्या आसपास, मोठ्या सुटकेसमध्ये तिरकी बसते. फक्त डिसेंबरच्या सुट्टीत हिमाचलला तीर्थन खोऱ्यात जायचा बेत असेल तर तो रद्द करा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राउटची बंदी असते. आणि महाराष्ट्रातल्या महाशीरसाठी हा रॉड नव्हे. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली जगाला ओळख करून दिलेला तो मासा, ‘टॉर खुद्री’. त्याची ओढ पाच वेटला पेलवत नाही, आठ लागतो. महाडजवळ वाळणकोंडीला देवाचे म्हणून राखलेले महाशीर कधी पाहिले असतील तर मी काय म्हणते ते कळेल.

आता उरलेले पन्नास-साठ डॉलर. लाइनच्या टोकाला लीडर लागतो, निमुळता होत जाणारा तंगूसच म्हणा. ९ फुटी, ५ एक्सचे दोन घ्या, साधारण पाच-पाच डॉलर. बारीक टोक फ्लाय बदलताना संपत जातं, ते जोडायला ५ एक्स टिपेटचं एक रीळ. एक्सचा आकडा उलटा चालतो: ११ मधून तो वजा करा, उरेल तेवढे हजारांश इंच जाडी. ५ एक्स म्हणजे ०.००६ इंच, मिलिमीटरमध्ये ०.१५. तुमच्या खाडीतल्या तंगुसापुढे केस वाटेल, पण ट्राउटला तेवढंच बारीक लागतं. गरी काढायला लहान चिमटा. दोरा कापायला घरातलं नेलकटर चालतं. फ्लाय तरंगती ठेवायचं जेल एक बाटली. फ्लाय दोन-तीन डॉलरला एक. डझनभर घ्या आणि प्रकार थोडेच ठेवा. पॅराशूट ॲडम्स, एल्क हेअर कॅडिस, फेझंट टेल, वूली बगर, प्रत्येकी तीन. पहिल्या दिवशी चार झाडात अडकतील. वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक पँट, नको. जुलै-ऑगस्टमध्ये जुने बूट आणि लवकर वाळणारी पँट घालून पाण्यात उतरता येतं. जॅकेट, टोपी, जाळी यांवर पैसे घालणारे लोक शेवटी लाइनवर काटकसर करतात, ते करू नका.

परवाना वेगळा. तुम्हाला इथे सहा महिने उलटून गेलेत, म्हणजे रहिवाशाच्या दरात मिळेल, तो बाहेरच्यांच्या दरापेक्षा बराच कमी आहे. सोळाच्या आतल्या मुलांना परवाना लागत नाही.

मुलासाठी वेगळा कॉम्बो आत्ता नको. नऊ वर्षांच्या हाताला नऊ फुटांचा रॉड जड जातो आणि स्वस्त ‘मुलांचे सेट’ माझ्या पहिल्या खोक्यासारखेच असतात. त्यापेक्षा वर्षभरानं त्याला जपानी तेन्कारा काठी द्या. तिला रील नाहीच. लांब घडीची काठी, टोकाला बांधलेली लाइन आणि फ्लाय. तुम्ही मालवणला वापरलीत तिचीच बहीण. डोंगरातल्या ओढ्यांवर ती मोठ्यांच्या हातीसुद्धा कमाल करते. तोवर तुमचाच रॉड त्याला दोन्ही हातांनी धरायला द्या आणि एखाद्या तळ्यावर ब्लूगिलच्या मागे लावा. ते मासे लहान, पण फ्लायवर तुटून पडतात, त्यामुळे मुलाला कंटाळा येत नाही.

घेतल्यावर लगेच नदीवर धावू नका. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत बर्फ वितळून क्लिअर क्रीक गढूळ आणि धोक्याची होते, तेवढे आठवडे गवतावर घालवा. गरीच्या जागी लोकरीचा लाल तुकडा बांधा, रोज पंधरा मिनिटं. रॉड मागे नेल्यावर मान वळवून बघायचं: लाइन पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढे. बहुतेकांचं चुकतं ते या थांबण्यात. फक्त लीडर लावल्याशिवाय आणि डांबरावर कास्ट करू नका, लाइनचा लेप खरवडला जातो. डास पळवायचं डीट असलेलं मलम हाताला लावलं असेल तर हात धुऊनच लाइनला लावा, त्यानं तो लेप विरघळतो. महिन्या-दोन महिन्यांनी कोमट पाणी आणि साध्या साबणानं लाइन पुसून काढली की ती तीन-चार वर्षं सहज जाते.

मग जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गोल्डनच्या वर, हायवे ६ च्या कडेनं क्लिअर क्रीकला या. सकाळी आठला सुरुवात करा. नदीच्या मधल्या धारेकडे जाऊ नका, मासे काठालगतच्या दगडांमागे, शांत पाण्यात असतात, पायांपासून पंधरा फुटांवर. एल्क हेअर कॅडिस बांधा, गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्यानं दाबून टाका म्हणजे मासा सोडताना त्याला इजा होत नाही आणि मुलाच्या कानात अडकली तरी लगेच निघते. दोघांनीही चष्मा लावा. आणि दुपारी एकच्या सुमाराला डोंगरामागे ढग चढायला लागले की मासे कितीही लागत असले तरी रॉड उतरवून गाडीत बसा. रॉड ग्रॅफाइटचा असतो, ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि पाण्यात उभ्या माणसाच्या हातात ती नऊ फूट उंच काठी असते.